चेंबर आपणच बुजवायचं का? रविवारी झाकणाला हात लावण्याआधी हे वाचा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे असं झालंय की तुमच्या कॉलनीत तीनेक वर्षांपूर्वी भूमिगत गटारीची लाइन पडली, कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं रस्त्यातल्या चेंबरची भिंत फोडून त्यात स्वतःचा चार इंची पाइप घुसवला, रात्री साडेअकरा-बाराला संडासच्या टाक्या उपसणारी गाडी येते, त्याच चेंबरचं झाकण सरकवून सगळं आत ओतून जाते, आणि सकाळी तुमच्या नहाणीच्या जाळीतून काळं पाणी वर येतं. दोनदा तोंडी तक्रार करून झाली. आता कॉलनीतली पोरं म्हणताहेत रविवारी आपणच झाकण काढू, हॉटेलच्या पाइपात पोतं कोंबू आणि वरून सिमेंट मारू, आणि तुम्ही विचारताय की यात कायद्यानं काही अडचण येईल का.

अडचण येईल, पण कायद्याच्या आधी जिवाची अडचण आहे. म्हणून बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण एवढं वाचा, रविवारी कुणीही ते झाकण काढायचं नाही, आत वाकून बघायचं नाही, आणि पाचशे रुपये देऊन कुणाला खाली उतरवायचं तर अजिबातच नाही. का ते पुढं सांगतो.

मी २७ वर्षं याच कामात काढली, आधी नगरपालिकेत आणि मग महापालिकेत, दोन्ही खान्देशातच. लाइन टाकण्यापासून ती तुंबल्यावर रात्री दोनला बॅटरी घेऊन उभं राहण्यापर्यंत सगळं केलंय. तुमचा राग मला कळतो. एका कॉलनीत असंच पाणी घरात आलं तेव्हा एक आजी उंबऱ्यावर उभी राहून मला विचारत होती, "हाई पानी कथाईन ई राह्यनं रे भाऊ?" आणि खरं सांगायचं तर सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आहे, पाणी कुठून येतंय. ते आधी शोधायचं असतं, आपण मात्र सरळ कुणाचा पाइप बुजवायचा इथून सुरुवात करतो.

तुमच्या प्रश्नात तीन त्रास एकात मिसळलेत. हॉटेलची विनापरवाना जोडणी हा एक, गाडीवाल्याचं ओतणं हा दुसरा, आणि तुमच्या घरात पाणी उलटं येणं हा तिसरा. तिन्हीचं कारण वेगळं, तिन्हीचा अधिकारी वेगळा, उपाय पण वेगळा. हॉटेलचा पाइप बंद झाला तरी गाडी ओततच राहणार आणि तुमच्या नहाणीत पाणी येतच राहणार, असं मी कितीतरी ठिकाणी बघितलंय.

आधी आकडे बघू कारण आकड्यांशिवाय हे डोक्यात बसत नाही. समजा तुमच्या लाइनवर १०० घरं आहेत, घरटी ५ माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के गटारीत येतं असं धरतात. म्हणजे दिवसाला ५४,००० लिटर. ऐकायला भरपूर वाटतं पण सेकंदाचा हिशेब केला तर सरासरी ०.६ लिटर, आणि सकाळी सगळे एकदमच आंघोळीला जातात म्हणून त्याच्या तिप्पट धरलं तरी सेकंदाला २ लिटरच्या आतच. आता कॉलनीतली लाइन बहुतेक सहा इंची म्हणजे १५० मिलिमीटरची असणार. तिला असा उतार देतात की पाणी सेकंदाला कमीत कमी ०.६ मीटर वेगानं वाहील, त्यापेक्षा हळू वाहिलं तर वाळू-घाण तळाशी बसते. या वेगानं तो पाइप काठोकाठ भरून वाहिला तरी सेकंदाला साधारण साडेदहा लिटर पाणी नेतो.

आणि ती गाडी? चार हजार लिटरची टाकी पाच मिनिटात ओतली तर सेकंदाला १३ लिटर होतात. म्हणजे पाइपाची पूर्ण ताकद आहे त्यापेक्षा जास्त, एकाच चेंबरमधे, तेही पाणी नाही तर घट्ट गाळ, त्यात कपडे, पॅड, वाळू, केस. पाणी पुढं जात नाही म्हणून मागं चढतं, आणि मागं ज्याचं घर सगळ्यात खाली त्याच्या नहाणीतून बाहेर येतं. पाणी उतरतं पण गाळ लाइनीत बसून राहतो, दुसऱ्या दिवशी सकाळच्या दोन लिटरच्या धारेत तो उचलायची ताकद नसते. सकाळचं पाणी त्या गाळाला अडून मागं चढतं, म्हणून तुम्हाला त्रास रात्रीपेक्षा सकाळी जाणवतो. माझा अंदाज असा की तुमचा मुख्य गुन्हेगार गाडी आहे, हॉटेल नंतर. पण हा अंदाजच, तो कसा तपासायचा ते खाली लिहितो.

पावसाळ्याचं पण इथंच सांगून टाकतो कारण जूनमधे तुम्हीच लोक ही चूक कराल. गच्चीचं आणि अंगणाचं पाणी या लाइनीत सोडायचं नसतं, रस्त्यावर साचलेलं पाणी काढायला झाकण उघडायचं नसतं. १०० चौरस मीटरची एक गच्ची आणि तासाला २० मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे एखाद्या सरीला एवढा सहज पडतो, की झाले २,००० लिटर, म्हणजे सेकंदाला अर्ध्या लिटरच्या वर. चारच गच्च्या जोडल्या की १०० घरांच्या सकाळच्या गर्दीएवढं पाणी एकट्या त्या चार गच्च्यांचं. आणि उघड्या झाकणाचं म्हणाल तर २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत काय झालं ते आठवा, एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉक्टर गुडघाभर पाण्यातून घरी चालत निघाले होते, पाणी लवकर उतरावं म्हणून उघडलेल्या मॅनहोलमधे ते गेले, दोन दिवसांनी मृतदेह सापडला. पोलिसांनी तिथल्याच चौघांना अटक केली होती. उघडणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसणार, त्यांच्या दारातलं पाणी उतरावं एवढंच. तरी एक माणूस गेला.

आता हॉटेलचं. हॉटेलवाला गटारीत पाणी सोडतो यात गुन्हा नाही, घरासारखंच त्याला पण जोडणी मिळू शकते. गुन्हा आहे तो परवानगी न घेता स्वतः चेंबर फोडून पाइप घुसवण्यात आणि तेल-चरबी तशीच सोडण्यात. महापालिका असेल तर १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, नगरपालिका असेल तर १९६५ चा नगरपरिषदांचा अधिनियम, दोन्हीत तत्त्व सारखंच आहे, सार्वजनिक गटार पालिकेच्या ताब्यातली, तिला जोडायचं तर लेखी परवानगी, तिच्यावर बांधकाम नाही, आणि वाहणं अडेल किंवा गटारीला इजा होईल असं काही आत सोडायचं नाही. विनापरवाना जोडणी तोडायचा आणि खर्च वसूल करायचा अधिकार पालिकेला आहे. तुम्हाला नाही. हा फरक लक्षात ठेवा कारण सगळं घोडं इथंच अडतं.

भिंत फोडण्याला मी एवढं महत्त्व का देतो तर आपली जमीन. खान्देशात बऱ्याच भागात काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगते. चेंबरच्या भिंतीला हातोड्यानं भोक पाडून पाइप घातला आणि भोवती नीट गिलावा केला नाही की पावसात त्या फटीतून माती आत वाहत राहते, वर रस्ता दिसायला चांगला पण खाली पोकळी. मग एक दिवस ट्रॅक्टरचं चाक रस्त्यात जातं आणि सगळे ठेकेदाराला शिव्या देतात. तुमच्या पोरांनी कोंबलेलं पोतं पण असंच, सिमेंट ओल्या घाणीला धरत नाही, महिन्याभरात ते सुटून खाली वाहत जाणार आणि पुढच्या वळणावर अडकणार, मग आख्ख्या गल्लीचं तुंबणार.

तेलाचं लोकांना खरंच माहीत नसतं म्हणून जरा जास्त लिहितो. कारखाने-व्यवसायांचं सांडपाणी सार्वजनिक गटारीत सोडायचं तर पर्यावरण संरक्षण नियमांत मर्यादा दिल्यात, त्यात तेल-ग्रीस लिटरला २० मिलिग्रॅम. २० मिलिग्रॅम म्हणजे हजार लिटरच्या टाकीत चहाचे चार चमचे तेल, बस. शेवभाजीची तर्री असलेली एक कढई विसळली तरी त्यापेक्षा जास्त जातं. गरम असताना ते तेल पातळ असतं, मोरीतून मजेत जातं, पण पाइपात थोडं पुढं जाऊन गार झालं की भिंतीला चिकटतं. त्यात भांड्याची पावडर आणि आपलं बोअरचं जड पाणी, यातला चुना आणि चरबी मिळून एक प्रकारचा साबणच तयार होतो, पण दगडासारखा. एकदा आम्ही पाच-सहा हॉटेलांच्या मागची लाइन साफ करत होतो तर जेटिंगचं, म्हणजे जोरदार पाण्याच्या माऱ्यानं लाइन साफ करणाऱ्या मशीनचं, नोझल आत जाऊन आपटून परत येत होतं, मला वाटलं रस्त्याचं काम करताना कुणी खडी टाकली असेल. शेवटी खोदून पाइप काढला तर आत पांढरा-पिवळा गोळा, सहा इंची पाइपात तीन बोटं जागा उरलेली.

याच्यावरचा उपाय तसा महाग नाही. मोरी आणि गटारीच्या मधे ग्रीस ट्रॅप, म्हणजे दोन-तीन कप्प्यांची टाकी, पाणी त्यात थांबून गार होतं, तेल वर तरंगतं, खरकटं खाली बसतं आणि बाहेर जाणारा पाइप मधल्या थरातलं पाणी उचलतो. फक्त तो आठवड्यातून दोनदा तरी साफ करावा लागतो, नाहीतर बांधून उपयोग नाही. तळणाचं जळकं तेल तर गटारीत जायलाच नको, १ जुलै २०१८ पासून तेलातल्या खराब घटकांची मर्यादा २५ टक्के ठरलेली आहे, त्याच्यावर गेलं की ते तेल वापरायचं नाही, आणि असं तेल बायोडिझेलसाठी विकत घेणारे लोक आहेत. माझा अनुभव असा की हॉटेलवाल्याला अभियंत्यासमोर बसवून हे समजावलं, रीतसर जोडणीचा अर्ज भरून घेतला आणि ट्रॅपला पंधरा दिवस दिले तर बहुतेक जण करतात, त्याला पण त्याच्या दारात घाण नकोच असते. भांडण करून पाइप तोडला की तो रात्री परत जोडतो.

गाडीवाल्याच्या बाबतीत मात्र मी एवढा मऊ नाही. ते पाणी प्रदूषणाच्या १९७४ च्या कायद्यात सरळ बसतं, विषारी किंवा प्रदूषण करणारं काही जाणूनबुजून ओढ्यात, विहिरीत, गटारीत किंवा जमिनीवर सोडायचं नाही असं कलम २४ सांगतं. बांधकामाचा मलबा आणि घरचा कचरा गटारीत टाकायला २०१६ च्या नियमांपासून वेगळी बंदी आहे. आणि खाली एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र, असेल तर तिथलं काम जिवंत जंतूंवर चालतं, एकदम येणारा घट्ट मैला किंवा गॅरेजचं ऑइल, ॲसिड त्यांना झेपत नाही, मग न शुद्ध झालेलं पाणी पांझरेत, गिरणेत, शेवटी तापीत.

पण गाडीवाला असं का करतो हे पण बघा, टाकी भरल्यावर ती रिकामी करायची अधिकृत जागा शहराबाहेर लांब असते किंवा ठरवून दिलेलीच नसते, डिझेल वाचवायला तो जवळचं चेंबर बघतो. म्हणून तक्रारीत फक्त "गाडीवर कारवाई करा" एवढंच लिहू नका, "मैला रिकामा करायची जागा आणि वेळ ठरवून द्या आणि गाड्यांची नोंद ठेवा" हे पण लिहा. आणि ड्रायव्हरला मारू-बिरू नका, तो रोजंदारीवरचा माणूस असतो, गाडीचा नंबर आणि मालक महत्त्वाचा.

आता ते झाकण का काढायचं नाही.

गटारीत घाण सडते तेव्हा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याचा वास येतो तो. गरमीत हे काम जोरात चालतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला असतो. लाइन तुंबलेली असली की आणखी वाईट. हा गॅस हवेपेक्षा जड, चेंबरच्या तळाशी बसून राहतो. आणि याची सगळ्यात घातक गोष्ट ही की प्रमाण थोडं असलं तर वास येतो, पण दहा लाख भागात १०० भागांच्या आसपास गेलं की नाकच मरतं, वास यायचा बंद होतो. त्याच्याही वर ७००-१००० ला गेलं की माणूस काही क्षणात पडतो.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, तेव्हा माणसं उतरवणं ही रोजची पद्धत होती, कमरेला दोर आणि हातात फावडं एवढंच. एका उन्हाळ्यात आठ फूट खोल चेंबर होतं. झाकण काढून तासभर ठेवलं होतं. उतरलेला माणूस चांगला अनुभवी, खाली जाऊन दोन-तीन घमेली भरून दिली आणि वर बघून मला म्हणाला, "साहेब, वास गेला आता." मला बरं वाटलं. मिनिटभरात तो बसला आणि आडवा झाला. त्याला काढायला त्याचा साथीदार दोर न बांधताच उतरला. दुसऱ्याला आम्ही वाचवू शकलो, पहिल्याला नाही. वास गेला याचा अर्थ मला त्या दिवशी कळला, तो कळायला एक माणूस जायला नको होता. आजही एखाद्या चेंबरजवळून जाताना वास आला तर मी सुटकेचा श्वास टाकतो आणि वास एकदम थांबला तर लांब सरकतो.

नंतर २०१३ चा कायदा आला, हातानं मैला उचलण्याला प्रतिबंध करणारा, ६ डिसेंबर २०१३ पासून लागू. त्याच्या कलम ७ मधे गटार आणि सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई माणसाकडून करून घ्यायलाच मनाई आहे, आणि ती फक्त पालिकेला नाही तर कोणत्याही व्यक्तीला. म्हणजे कॉलनीनं वर्गणी काढून कुणाला उतरवलं तर कॉलनी पण त्यात आली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टानं २०१४ मधे अशा मृत्यूला १० लाख भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मधे ती ३० लाख केली. पैसे वाढले, पण ज्या घरातला माणूस गेला त्या घराला विचारा.

आणि खाली उतरणाराच मरतो असंही नाही. लुधियानाच्या ग्यासपुऱ्यात ३० एप्रिल २०२३ ला सकाळी याच गॅसनं ११ जण गेले, त्यात घरात असलेली माणसं होती, लहान मुलं पण होती. गटारीत कारखान्याचं रसायन सोडल्याचा संशय होता. सल्फाइड साचलेल्या लाइनीत ॲसिड पडलं की गॅस एकदम सुटतो, आणि नहाणीची जाळी म्हणजे त्या लाइनीला जोडलेलं घरातलं भोकच आहे. तुमच्या जाळीखालच्या ट्रॅपमधे, म्हणजे गॅस अडवायला पाणी साचून राहतं त्या वळणात, पाणी कायम भरलेलं पाहिजे ते यासाठी, उन्हाळ्यात गावाला जाऊन आल्यावर तो सुकलेला असतो, आधी दोन बादल्या पाणी ओता मग घरात वावरा. हे मी प्रत्येकाला सांगतो.

कायद्याच्या बाजूनं तुमच्या रविवारच्या बेताचं म्हणाल तर, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मधे सार्वजनिक गटारीला अडथळा करून नुकसान केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि १९८४ च्या सार्वजनिक मालमत्ता नुकसान कायद्यात मलनिस्सारणाची कामं नाव घेऊन लिहिलीत, तिथं कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. ही कलमं हॉटेलवाल्याच्या विरोधात तुम्ही वापरू शकता. पण उद्या तुम्ही पोतं कोंबलं आणि त्याच्या किचनमधे पाणी चढलं तर तो हीच कलमं तुमच्यावर लावेल, आणि त्याच्याकडे तुमच्या पोरांचे सीसीटीव्ही फुटेज असेल. आज तुम्ही फिर्यादी आहात, सोमवारी आरोपी व्हाल.

इथपर्यंतचं थोडक्यात धरा, गाडी ही बहुतेक मुख्य कारण, हॉटेल हे हळूहळू लाइन बुजवणारं कारण, झाकण कुणी काढायचं नाही, जोडणी तोडायचा अधिकार पालिकेचा. आता प्रत्यक्ष काय करायचं.

आधी ती लाइन कुणाची हे बघा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तुम्ही लिहिलंय भूमिगत गटार योजनेतली, मग पालिकेचीच असणार. पण काही ठिकाणी ले-आउट पाडणाऱ्यानं टाकलेली जुनी लाइन असते आणि ती पालिकेकडे वर्ग झालेलीच नसते, मग पालिका म्हणते आमची नाही. हद्दीबाहेरची वस्ती असेल तर ग्रामपंचायत, एमआयडीसीत असेल तर त्यांचं वेगळं. आणि ते चेंबर मैल्याच्या लाइनचं आहे की पावसाच्या पाण्याच्या गटारीचं हे पण, कारण पावसाच्या गटारीत तुमच्या घराचं सांडपाणी जोडलेलं असेल तर तुमची स्वतःची जोडणी पण चुकीची ठरू शकते. आधी आपलं घर तपासा मग दुसऱ्याचं.

मग वही करा. दोन आठवडे, रोज. गाडी किती वाजता आली, नंबर काय, किती वेळ थांबली, सकाळी पाणी किती वाजता वर आलं, झाकणाच्या कडेनं पाणी बाहेर आलं का, आलं तर कोणत्या झाकणातून. फोटो-व्हिडिओ स्वतःच्या गच्चीवरून, तारीख-वेळ दिसेल असा. गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशीच पाणी येतं आणि न आलेल्या दिवशी येत नाही असं वहीत दिसलं तर माझा अंदाज बरोबर. रोजच येत असेल, विशेषतः हॉटेल बंद असलेल्या वारी कमी येत असेल, तर हॉटेलकडे बोट. दोन्हीत काही ताळमेळ नसेल तर लाइनचा उतारच चुकलाय किंवा खाली कुठंतरी मोठा तुंबा आहे, तो भाग अभियंत्यानं वरचं-खालचं चेंबर तपासून शोधायचा असतो, वरचं भरलेलं आणि खालचं कोरडं असेल तर तुंबा त्या दोघांच्या मधे.

हॉटेलचा पाइप नक्की तिथंच येतो हे सिद्ध करायला रंग चाचणी मागा. हॉटेलच्या मोरीत फ्लोरोसिन नावाचा हिरवा रंग टाकतात आणि चेंबरमधे किती मिनिटात निघतो बघतात, पाच-दहा मिनिटांचं काम, त्यानंतर कुणी नाही म्हणू शकत नाही. ही चाचणी पालिकेच्या माणसांनी, पंचनामा करून करायची, आपण नाही.

तोंडी तक्रार ही तक्रार नसते भाऊ. मी खुर्चीत होतो तेव्हा दिवसाला पन्नास तोंडी तक्रारी यायच्या, लक्षात राहायची ती आवक नंबर पडलेली. अर्ज तीन प्रती, एक आयुक्त किंवा मुख्याधिकाऱ्यांना, एक जलनिस्सारणाच्या अभियंत्याला, एक आरोग्य विभागाला, प्रत्येकावर शिक्का घ्या. त्यात रडगाणं नको, पाच मागण्या स्पष्ट लिहा, संयुक्त स्थळ पाहणी आणि पंचनामा, हॉटेलच्या जोडणीची परवानगी आहे का याची तपासणी आणि नसेल तर तोडणं किंवा रीतसर करून घेणं, जेटिंग-सक्शन मशीननं लाइन साफ करणं आणि त्यात माणूस उतरवू नये असं स्पष्ट, झाकण बदलून जड वाहतुकीचं आणि सहज न सरकणारं बसवणं, आणि गाड्यांना मैला रिकामा करायची जागा. वहीची झेरॉक्स जोडा. वीस-पंचवीस घरांच्या सह्या. झाकणाचं विशेष लिहितो, काँक्रीटच्या झाकणात अडीच, दहा, वीस आणि पस्तीस टनाचे प्रकार येतात, रस्त्याच्या मधे हलकं झाकण बसवलं असेल तर ते फुटणारच, आणि फुटकं झाकण म्हणजे गाडीवाल्याला उघडं आमंत्रण.

सोबत माहिती अधिकारात दहा रुपये भरून एकच ओळ मागा, अमुक मालमत्तेला जलनिस्सारण जोडणीची परवानगी दिली असल्यास तिची प्रत. तीस दिवसात उत्तर द्यावं लागतं. "अशी परवानगी आढळून येत नाही" एवढं एका कागदावर आलं की तुमचं अर्धं काम झालं.

गाडी प्रत्यक्ष ओतत असेल त्या रात्री ११२ ला फोन करा, लांबून व्हिडिओ घ्या, अडवायला जाऊ नका. रसायन, ऑइल, डाळ मिल किंवा प्लास्टिक धुण्याचं पाणी असा संशय असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला पण अर्ज द्या.

आणि हे सगळं करून कुणीच हललं नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे जा. सार्वजनिक उपद्रव काढून टाकायचा आदेश देण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला आहे, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, जुनं १३३. लोकांना वाटतं हे कागदावरचं. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या एका वस्तीतल्या लोकांनी नेमकं हेच केलं होतं, उघड्या गटारी, मैला आणि दारूच्या कारखान्याचं घाण पाणी रस्त्यावर, ते दंडाधिकाऱ्याकडे गेले. नगरपालिका म्हणाली पैसे नाहीत. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८० मधे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की पैसे नाहीत हे कारण चालणार नाही, लोकांचं आरोग्य ही पालिकेची कायद्यानं आलेली जबाबदारी आहे. मी स्वतः पालिकेत असून सांगतो, प्रांताची नोटीस आली की फाइल टेबलावर वर येते.

राहिला तुमचा तिसरा त्रास, घरातलं उलटं पाणी, तो तुमच्या हातात आहे आणि त्याला कुणाची वाट बघायची गरज नाही. तुमच्या नहाणीची जाळी आणि रस्त्यावरचं वरच्या बाजूचं झाकण यात उंच कोण ते मोजा, पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पाच मिनिटात मोजून देतो. जाळी खाली असेल तर लाइन तुंबली की पाणी रस्त्यावर यायच्या आधी तुमच्या घरात येणार, मग हॉटेल असो नसो. जुन्या कॉलन्यांत हे हमखास असतं, रस्त्यावर थरावर थर काँक्रीट पडत गेलं आणि घरं खड्ड्यात गेली. नहाणीचा तळ उचलता आला तर उत्तम. नसेल तर कंपाउंडच्या आतल्या तुमच्या स्वतःच्या चेंबरमधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, एकाच दिशेनं उघडणारी झडप असते ती. पण ती तिथंच बसवा जिथं हात घालून साफ करता येईल, आणि महिन्यातून एकदा बघा, केस अडकले की झडप अर्धी उघडी राहते आणि मग असून नसल्यासारखी. रस्त्यातलं चेंबर आणि तुमचं चेंबर यांच्या मधल्या तुकड्याला हात लावायचा असेल तर परवानगी घ्या.

लेव्हल मोजून झाली की आकडे इथं लिहा, कंपाउंडच्या आतल्या चेंबरपासून नहाणीपर्यंत अंतर किती आणि पाइप किती इंची ते पण, म्हणजे झडप कुठं बसेल ते सांगता येईल. अर्जाचा मजकूर लिहून टाकला तर तोही तपासून देतो. रस्त्यातल्या चेंबरचा फोटो टाकायचा असेल तर झाकण बंद असतानाच काढा.